आईचा पहिला वाढदिवस

आमच्या आईचा वाढदिवस कधी, हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि आईलाही ठाऊक नव्हते. करमाळा तालुक्यातल्या ज्या गावी ती जन्मली तिथे जन्माची नोंद ठेवायला कोण बसले होते? तिची आई, म्हणजे आमची आजी, सांगत असे की नागपूरला धर्मांतर झाले त्या दसऱ्याला ही पाळण्यात होती. म्हणजे साल १९५६. पुढे आधार कार्ड काढायची वेळ आली तेव्हा दाखला मागितला. तो नव्हताच. अंदाजाने साल सांगितले आणि कार्डावर १ जानेवारी १९५६ असे छापून आले. शाळेत गेलेल्या आमच्या वयाच्या कितीतरी मंडळींचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण गुरुजींनी नाव घालताना तीच तारीख लिहिली. आई शाळेतच गेली नाही, म्हणून तिला जून न मिळता जानेवारी मिळाला, एवढाच फरक.

यंदा, २०२६ साली, कार्डाप्रमाणे आईला सत्तर वर्षे पूर्ण होणार होती. आमच्या थोरलीने डिसेंबरातच घोषणा केली, “आजीचा वाढदिवस करायचा. तिचा एकदाही झालेला नाही.” आम्ही म्हणालो, करू. पण १ जानेवारीला आमच्या घरात कोण सापडणार? निम्मे घर भीमा कोरेगावला. बाबासाहेब १९२७ साली त्या विजयस्तंभापाशी गेले ती तारीखही हीच, तेव्हा ती काही चुकवता येत नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, मंडळाचा कार्यक्रम. शेवटी रविवार, ४ जानेवारी, संध्याकाळ, असे ठरले.

ठरले खरे, पण लगेच प्रश्न उभा राहिला जेवणाचा. बहीण, भाऊ, मावशी, मेहुणे, शेजारचे काका-काकू आणि विहारात आईबरोबर बसणाऱ्या दोन म्हाताऱ्या, अशी मोजदाद केली तर सत्तावीस माणसे झाली. आमची खोली बारा बाय पंधराची. पुढे चाळीची गॅलरी. आणि खिसा कारकुनाचा.

वाचकहो, वाढदिवसाच्या बाबतीत आमचे हात एकदा चांगलेच पोळलेले आहेत. २०१४ साली आमच्या धाकट्याचा पहिला वाढदिवस होता. चार लोकांत आपणही मागे नाही हे दाखवायचे भूत डोक्यात शिरले. हॉल घेतला, केटरर ठरवला, दीडशे पाने सांगितली, फुग्यांची कमान उभी केली. पतपेढीतून ४०,००० रुपये उचलले. हप्ता महिन्याला सुमारे १,९०० रुपये, चोवीस महिने. मुलगा त्या दिवशी गर्दीला आणि गाण्याच्या आवाजाला घाबरून दोन तास रडला आणि शेवटी झोपून गेला. त्याचा तिसरा वाढदिवस आला तेव्हा कुठे पहिल्या वाढदिवसाचा शेवटचा हप्ता फिटला. त्या दोन वर्षांत थोरलीची सहल चुकली, आईचा चष्मा लांबला. मोहल्ल्यात भाषण करताना आम्ही लग्नातला उधळेपणा बंद करा म्हणून सांगत होतो आणि पासबुक मात्र शर्टाच्या खिशात लपवून ठेवत होतो.

तेव्हापासून आम्ही शपथ घेतली, वाढदिवस घरीच. आणि ती पाळलीही. २०१८ साली थोरलीचा दहावा वाढदिवस घरी केला. छोले, पुऱ्या, बटाट्याची भाजी, जिरा भात, श्रीखंड. १,८०० रुपयांत पंचवीस पाने उठली. ही गोष्ट आम्ही किती जणांना अभिमानाने सांगितली असेल! कार्यालयात सांगितली, मंडळात सांगितली, एका शिबिरात तर ‘काटकसर’ या विषयावर बोलताना उदाहरण म्हणूनही दिली.

तर यंदाही तसेच करू, असे म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पुऱ्या किती, तेल किती, कणीक किती. मुलांची आई भांडी घासत होती, ती काही बोलली नाही. थोरली मात्र आजीसाठी जुने फोटो शोधत होती. तिने वाढदिवसांचे सगळे फोटो चटईवर मांडले आणि विचारले, “पप्पा, यात मम्मी कुठंय?”

आम्ही म्हणालो, असेल की. शोधू लागलो. दहाव्या वाढदिवसाचे एकोणीस फोटो. केक कापताना आम्ही आहोत, आई आहे, आत्या आहे, चाळीतली पोरे आहेत. पंगतीच्या फोटोत मेहुणे हसताहेत. एका फोटोत स्वयंपाकाच्या ओट्याकडून पुढे आलेला एक हात आहे, हातात झारा आणि झाऱ्यावर पुरी. मनगटावरच्या हिरव्या बांगड्यांवरून ओळखले, ती हीच. बाकी कुठे नाही. पुढच्या-मागच्या वर्षांचे फोटो पाहिले, तिथेही तेच.

आई खाटेवर बसून हे सगळे ऐकत होती. ती म्हणाली, “आरं, माजा वाडदिवस करायचा तर एक आट हाय. सूनबाई माज्या शेजारी बसून, माज्या संगंच जेवली पायजे. गरम गरम. न्हाईतर मला तुमचा वाडदिवस नगं.”

मुलांची आई हसली आणि म्हणाली, “आत्या, मी बसले तर वाढणार कोण? पुऱ्या कोण तळणार?”

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, हे कबूल करतो. आम्ही बी.कॉम. झालेले. कॉलेजात परिव्यय लेखांकन शिकताना पहिल्याच धड्यात मास्तरांनी पाठ करून घेतले होते की कुठल्याही वस्तूची किंमत तीन गोष्टींनी होते, साहित्य, मजुरी आणि वरखर्च. आम्ही त्या १,८०० रुपयांच्या हिशेबात साहित्य धरले, गॅससुद्धा धरला. मजुरी धरलीच नव्हती. त्या दिवशी ही बाई पहाटे साडेचारला उठली आणि रात्री साडेअकराला ओटा पुसून आडवी झाली. शेवटच्या पंगतीला बसली तेव्हा श्रीखंड संपले होते. तिने गार पुरी छोल्याच्या तळाशी राहिलेल्या रश्शात बुडवून खाल्ली. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते, फक्त वहीत लिहिले नव्हते.

आणि आम्ही कोण? तर कार्यकर्ते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की लग्न झालेल्या स्त्रीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, त्याच्या बरोबरीची म्हणून उभे राहावे. हे आम्ही व्यासपीठावरून किती वेळा सांगितले असेल! घरात आमची बरोबरीची मैत्रीण झारा घेऊन उभी होती, एवढे खरे.

सकाळी उठून आम्ही कागद फाडला आणि नवा घेतला. या वेळी पहिली ओळ लिहिली: जेवणाच्या वेळी चुलीपाशी कोणीही उभे राहायचे नाही. मग त्या अटीत बसेल तेच पदार्थ घ्यायचे ठरले. पुऱ्या त्याच क्षणी बाद झाल्या, कारण पुरी गरमच हवी आणि ती तळणारी व्यक्ती जेवू शकत नाही. भाकरीचेही तेच. त्याऐवजी लादीपाव. आईला दात कमी, तिला पाव रश्शात मऊ करून खाता येतो, हाही फायदा.

मटण तर खिशाला झेपणारे नव्हते. कोंबडीचा विचार झाला, पण सत्तावीस माणसांची कोंबडी साफ करणे, शिजवणे आणि कुणाला किती तुकडे आले ही कुरबुर, यापेक्षा अंड्याचा रस्सा बरा, असे मुलांच्या आईने सुचवले. मावशीने मांसाहार सोडलेला, विहारातल्या म्हाताऱ्यांनीही. अशा पाच जणांसाठी मटकीची उसळ; आणि उसळ करायचीच तर थोडी थोडी सगळ्यांनाच. भाताचा मटार भात, कारण जानेवारीत मटार स्वस्त आणि गोड. गाजर-मुळ्याची दह्यातली कोशिंबीर. गोड म्हणून लापशीची खीर. धाकट्याने केकचा हट्ट धरला, तेव्हा अर्धा किलोचा केक मान्य केला. सत्तर वर्षांत आजीने आपला केक कापलेला नाही, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता.

आता भगिनींना आणि विशेषतः बांधवांना उपयोगी पडावे म्हणून कृती सविस्तर सांगतो.

मटकी एक किलो. ती शुक्रवारी सकाळी भिजत घातली. थंडीत मोड यायला वेळ लागतो, म्हणून रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधली आणि गाठोडे पातेल्यात झाकून ठेवले. शनिवारी रात्रीपर्यंत चांगले मोड आले. उन्हाळ्यात एक दिवस कमी पुरतो.

वाटण एकच केले आणि ते दोन्हीला वापरले. सगळी सोय यातच आहे. दीड किलो कांदा उभा चिरून तेलावर चांगला तांबूस होईपर्यंत परतला. पाव किलो सुके खोबरे किसून भाजले. त्यात आले, लसूण, कोथिंबीर. शनिवारी रात्री सावित्रीबाईंच्या जयंतीहून परतल्यावर हे सगळे मिक्सरवर वाटून डब्यात भरले. वाटण आदल्या दिवशी तयार असले की दुसऱ्या दिवशीचे निम्मे काम उरकते. रविवारी दुपारी मोठ्या पातेल्यात तेल तापवून वाटण आणि चिरलेला टोमॅटो घातला, तेल सुटेपर्यंत परतला, मग घरचा काळा मसाला आणि मीठ. यातला एक वाटा वेगळा काढून त्यात मटकी शिजवली. उरलेल्यात रस्सा केला. रश्शाला पाणी घालताना ते उकळते घालावे. गार पाणी घातले की तर्री बसते आणि चवही उतरते.

अंडी दीड ट्रे, म्हणजे पंचेचाळीस. गार पाण्यात मीठ टाकून ठेवली, उकळी आल्यावर बारा मिनिटे मोजली आणि लगेच गार पाण्यात सोडली. सोलायचे काम मुलांना दिले. सहा पोरे गॅलरीत गोल बसली आणि पंचेचाळीस अंडी सोलून झाली. तीन फुटली, ती त्यांनीच खाल्ली. अंड्याला सुरीने दोन बारीक चिरा द्याव्यात म्हणजे रस्सा आत शिरतो. अंडी रश्शात आधीपासून उकळत ठेवू नयेत, चिवट होतात. पंगत बसायच्या दहा मिनिटे आधी सोडावीत. शाकाहारी माणसांसाठी उसळीचे पातेले आणि पळी पहिल्यापासून वेगळी ठेवावी. मावशीला ते पाहूनच समाधान वाटले.

खिरीला अर्धा किलो लापशी चमचाभर तुपावर भाजून चौपट पाण्यात कुकरला मऊ शिजवली. पाऊण किलो गूळ घालून विरघळू दिला आणि खाली उतरवली. दोन लिटर दूध वेगळे तापवून कोमट होऊ दिले आणि खीर निवल्यावर मिसळले. उकळत्या गुळात दूध ओतले तर नासते आणि सगळे वाया जाते. वरून वेलची, थोडे काजू-बेदाणे, चिमूटभर मीठ. ही खीर दुपारीच करून ठेवता येते, गार चांगली लागते, म्हाताऱ्या माणसांना चावायची गरज नाही.

भात आमच्याकडे होता. दोन किलो कोलम धुऊन अर्धा तास भिजवला, निथळला. दोन किलो मटार सोलून किलोभर दाणे निघाले. फोडणी दिली, तांदूळ परतले, दुप्पट गरम पाणी घातले आणि झाकण ठेवले. इथपर्यंत सगळे पुस्तकाप्रमाणे. पण भांडे मंडळातले पातळ बुडाचे आणि आच आम्ही ठेवली मोठी, कारण घाई. शिवाय दाराशी एक कार्यकर्ते येऊन बोलत उभे राहिले, आम्हीही बोलत उभे राहिलो. करपल्याचा वास आला तेव्हा आमचा धीर सुटला. आता आम्ही सवयीने हाक मारणार, “अगं, बघ की जरा!” तर आईने खाटेवरून डोळे वटारले. म्हणाली, “तिला हाक मारू नगंस. हलवू बी नगंस. वरचा भात दुसऱ्या पातेल्यात काढ.” तसे केले. बुडाला लागलेला थर जागच्या जागी राहू दिला. काढलेल्या भातावर आईने कांद्याचे मोठे काप ठेवायला लावले, झाकण लावले, खाली तवा ठेवून मंद आचेवर दहा मिनिटे. वास बराचसा कांद्याने ओढून घेतला. सात-आठ वाट्या भात गेला, पण अब्रू वाचली. तात्पर्य, मोठ्या भांड्याखाली पहिल्यापासून तवा ठेवावा आणि भाताच्या वेळी समाजकार्य करू नये.

ताटे, पेले आणि दोन पातेली मंडळाची. जयंतीसाठी काढलेलीच होती. सोमवारी घासून मोजून परत केली. कागदी पत्रावळी आणल्या नाहीत. पाव आदल्या दिवशी बेकरीत सांगून ठेवले आणि धाकट्या भावाने सहा वाजता जाऊन आणले.

आता खर्च. अंडी ३६०, मटकी १३०, तांदूळ १३०, मटार ९०, सात डझन पाव ३५०, खिरीचे साहित्य २५५, कांदे-टोमॅटो १७०, आले-लसूण-कोथिंबीर-लिंबे ११०, खोबरे ९०, तेल १५०, मसाला ६०, कोशिंबिरीचे साहित्य १३०, केक ३०० आणि गॅस अंदाजे १५०. एकूण २,४७५ रुपये. माणशी ९२ रुपयांच्या आत. आपल्या गावी भाव थोडे कमी-जास्त असतील, पण प्रमाण हेच धरावे.

या वेळी मात्र खाली मजुरीही लिहिली. आमचे पाच तास, थोरलीचे साडेतीन, बहीण आणि भावजय मिळून चार, धाकट्या भावाचे तीन, पोरांचे सगळे मिळून तीन आणि मुलांच्या आईचे तीन. एकूण साडेएकवीस तास. काम काही कमी झाले नव्हते, फक्त ते एकाच पाठीवर पडले नव्हते.

संध्याकाळी सात वाजता सगळे जमले. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील झाले. केकवरची मेणबत्ती फुंकायची की नाही यावर पोरांची चर्चा झाली. आई म्हणाली, “लावलेला दिवा कशाला इजवायचा?” ती मेणबत्ती काढून प्रतिमेपुढच्या मेणबत्तीशेजारी लावली. आईने केक कापला. सुरी धरलेला तिचा हात थोडा थरथरत होता. या हाताने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली आहे. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची आणि पोटभर गोड असे आपण पहिल्यांदा तेच खाल्ले, असे तिने पोरांना सांगितले. पोरांनी विचारले, “सुकडी म्हणजे चॉकलेटसारखी?” आई म्हणाली, “व्हय, तवा तसंच लागायचं.”

मग पंगतीचा प्रश्न. आजवरची रीत अशी की आधी पुरुष आणि पाहुणे, मग मुले, शेवटी बाया आणि उरलेसुरले. या वेळी पहिली पंगत आईची, बायकांची आणि लहान मुलांची. बारा जणी खोलीत, सहा पोरे गॅलरीत. वाढायला आम्ही, धाकटा भाऊ, मेहुणे आणि तीन मोठी मुले. दाजींना हे थोडे जड गेले. ते अंड्याचे पातेले पाहून आधीच म्हणाले होते, “सत्तरीचा वाढदिवस आणि नुसती अंडी? सांगितलं असतं तर मी दोन कोंबड्या आणल्या असत्या.” क्षणभर आमचे तोंड उतरले. पाहुण्यासमोर कमीपणा आला की माणूस कर्ज काढायला तयार होतो, ते असेच. पण आईनेच उत्तर दिले, “जावईबापू, कोंबडी म्या लई जणांच्या वाडदिवसाला खाल्ली. आज मला सूनबाईसंगं खायचंय. तुमी रस्सा वाडा.” दाजी समजूतदार आहेत. हसले, बाह्या सरसावल्या आणि पळी हातात घेतली. पुढे सर्वांत जास्त आग्रह त्यांनीच केला.

मुलांची आई आईच्या शेजारी बसली खरी, पण तिला बसता येईना. पाव संपले का, पाणी आहे का, म्हणून तीनदा अर्धी उठली. आईने तिचे मनगट धरून ठेवले आणि डाव्या हाताने तिच्या ताटात खीर सारली. ती जेवू लागली. वाफ येणारा रस्सा, लिंबू पिळलेली उसळ, मऊ पाव. खाता खाता तिने मान वर केली आणि आम्हाला म्हणाली, “मीठ थोडं कमी आहे.” अठरा वर्षांत आमच्या स्वयंपाकाला नाव ठेवायची संधी तिला पहिल्यांदा मिळाली होती. आम्ही मिठाची वाटी घेऊन धावलो.

दुसऱ्या पंगतीला आम्ही नऊ जण बसलो. अंडी माणशी एकच उरली होती, भात तळाकडचा, किंचित धुरकट. खीर पळीभर. आम्हाला तेव्हा कळले की उरलेल्यावर भागवणे म्हणजे काय असते. बायका आयुष्यभर हेच करतात आणि वर ‘आम्हाला भूकच नव्हती’ असे म्हणतात. मेहुणे म्हणाले, “दाजी, पुढच्या वेळी अंडी दोन ट्रे आणा.” सूचना रास्त आहे, वाचकांनीही घ्यावी.

भांडी रात्रीच घासली. भाऊ घासत होता, आम्ही धूत होतो, आणि खोलीत बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. आई कुठलीतरी जुनी गोष्ट सांगत होती. साडेदहाला दिवा मालवला.

बंधू-भगिनींनो, हे सगळे लिहिण्याचे कारण एवढेच की आपल्या वस्तीत वाढदिवसाचे प्रस्थ फार वाढले आहे. लेकरांचे कौतुक जरूर करावे. आपल्या आई-बापांच्या जन्माची तारीखही कुणी टिपली नाही. आपल्या मुलांची तारीख आपण साजरी करतो, यात अभिमान वाटण्यासारखेच आहे. पण त्यासाठी पतपेढीची पायरी चढू नका. जेवण घरी करा, हंगामातले घ्या, एका वाटणात दोन पदार्थ करा, जेवताना तळावे-भाजावे लागेल असे काही ठेवू नका. भांडी मंडळाची वापरा. आणि घरी केले म्हणून स्वस्त पडले असे म्हणण्याआधी ते कुणाच्या जिवावर स्वस्त पडले, याची एक ओळ वहीत लिहा. विशेषतः आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी लिहावी.

थोरलीने त्या दिवशीचे फोटो काढून आणले आहेत. एका फोटोत आई आणि मुलांची आई शेजारी शेजारी बसल्या आहेत. दोघींचे तोंड भरलेले आहे, म्हणून हसू नीट आलेले नाही. तोच फोटो आम्ही भिंतीवर लावला.

येत्या मे महिन्यात मुलांच्या आईचा वाढदिवस आहे. तारीख आम्हाला पाठ आहे, कारण रेशन कार्डापासून शाळेच्या अर्जापर्यंत ती आम्हीच लिहिली आहे. साजरी मात्र एकदाही केलेली नाही. या वर्षी करणार आहोत. स्वयंपाक आम्हीच करणार, असे जाहीर केले आहे. घरातून त्याला मंजुरी मिळाली आहे, फक्त भाताचे काम धाकट्याकडे दिले आहे.